बिनरॉयल्टीचा आवाज

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला व्हॉइस मेसेज अँड्रॉइड फोनच्या फोल्डरमध्ये जाऊन शोधला, तर फाइलच्या नावाच्या शेपटीला ‘ओपस’ असं लिहिलेलं सापडतं. यूट्यूबवरचं गाणं ब्राउझरमध्ये ऐकताना आवाज बऱ्याचदा याच रूपात येतो. डिस्कॉर्डवर गेम खेळता खेळता मारलेल्या गप्पा, सिग्नलवरचा कॉल, जित्सीवरची मीटिंग, सगळीकडे आवाज दाबून पाठवायचं आणि पलीकडे पुन्हा उलगडायचं काम ओपस नावाचा कोडेक करतो. तो वापरल्याबद्दल यांपैकी कुणी त्याच्या निर्मात्यांना एक पैसाही देत नाही, आणि निर्मात्यांची तशी अपेक्षाही नाही.

मुक्त आणि फुकट कोडेक ओपसच्या आधीही होते, आणि चांगले होते. ते मागे का पडले, हा का चालला, आणि जिथे चालला नाही तिथे घोडं कुठे पेंड खातं, हे पाहण्यासारखं आहे. ‘गुणवत्ता सरस, म्हणून जिंकला’ असं सांगितलं जातं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. ओपस ज्या दाराने आत शिरला ते दार बरोबर होतं, हे उरलेलं अर्धं.

आधी आवाज दाबावा का लागतो ते पाहू. सीडीवरचा स्टिरिओ आवाज सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट जागा खातो. म्हणजे एका मिनिटाला दहा मेगाबाइटच्या वर. टेलिफोनवाल्यांनी यावर १९७२ साली उपाय काढला, तो म्हणजे जी.७११ हे मानक. सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येकी ८ बिट, एकूण ६४ किलोबिट. त्यासाठी आवाजाचा वरचा भाग सरळ कापला गेला. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा शिल्लक ठेवला. पुरुषाचा वा बाईचा आवाज ओळखू येतो, वाक्य समजतं, भागतं. पण ‘स’ आणि ‘श’ यांची सळसळ बरीचशी त्या पट्ट्याच्या वर असते. चमच्यातला ‘च’ आणि चिमणीतला ‘च’ यांच्यातला फरकही वरच्या भागात जास्त खुलतो. बँकेच्या किंवा गॅस एजन्सीच्या माणसाला फोनवर नाव सांगताना आपण ‘साताऱ्यातला स’ म्हणतो, त्याचं मूळ या पन्नास वर्षांपूर्वीच्या काटछाटीत आहे.

त्याहून कमी जागेत आवाज बसवण्याच्या दोन वाटा आहेत. गंमत अशी की दोन्ही वाटांच्या मुळाशी भारतात जन्मलेली माणसं सापडतात.

पहिली वाट बोलण्याची. माणसाचा आवाज कसाही वेडावाकडा नसतो. स्वरतंतू थरथरतात, आणि घसा, तोंड व नाक मिळून त्या थरथरीला आकार देतात. मग प्रत्यक्ष लहर पाठवण्याऐवजी ‘तंतू इतक्या वेगाने थरथरताहेत, तोंडाचा आकार असा आहे’ एवढंच पाठवलं तर? तयार पदार्थाऐवजी पाककृती पाठवावी तसं. कानपूरला जन्मलेले बिष्णू अटल यांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये या कल्पनेवर आयुष्य घालवलं. जपानमध्ये फुमितादा इताकुरा त्याच सुमारास त्याच दिशेने चालले होते. १९८५ मध्ये अटल आणि मानफ्रेड श्रोडर यांनी मांडलेली सेल्प ही पद्धत पुढे मोबाइल फोनच्या जवळजवळ प्रत्येक कोडेकची आजी ठरली.

दुसरी वाट कोणत्याही ध्वनीची. लहरीचे छोटे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यात कुठली वारंवारता किती आहे ते मोजायचं, आणि कानाला ऐकूच येणार नाही ते टाकून द्यायचं. याचा पाया म्हणजे बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद आणि त्यांचे सहकारी टी. नटराजन व के. आर. राव यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेलं कोसाइन रूपांतर. हे काम करण्यासाठी अहमद यांनी सरकारी अनुदान मागितलं होतं आणि ते नाकारलं गेलं होतं. एमपी-थ्री, एएसी, व्हॉर्बिस हे सगळे याच घराण्यातले.

बोलण्याचा कोडेक गाण्याला चालत नाही. तंतू आणि तोंडाचं गणित सतारीला किंवा तबल्याला लागू पडत नाही, त्यामुळे कॉलर ट्यूनवरची गाणी पाण्याखाली वाजल्यासारखी यायची. उलट गाण्याचा कोडेक बोलण्याला महाग पडतो, आणि शिवाय उशीर करतो. कित्येक वर्षं या दोन बिरादऱ्या वेगळ्या राहिल्या. परिषदा वेगळ्या, मानकं वेगळी आणि रॉयल्टीच्या वह्याही वेगळ्या.

त्या वह्यांबद्दल जरा सविस्तर सांगितलं पाहिजे. १९९८ च्या सप्टेंबरात जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने एमपी-थ्रीचे एन्कोडर, म्हणजे आवाज दाबणारे प्रोग्राम, लिहिणाऱ्या छोट्या-मोठ्या प्रोग्रामरांना पत्रं पाठवली: आमची पेटंट वापरता, परवाना घ्या. कायद्याने संस्थेचं काही चुकत नव्हतं. पण ज्यांनी हौसेने सॉफ्टवेअर लिहून फुकट वाटलं होतं त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यातून ख्रिस माँटगोमेरी यांच्या व्हॉर्बिसने जोर धरला आणि २००२ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली. बोलण्यासाठी ज्याँ-मार्क व्हालँ यांनी स्पीक्स लिहिला. त्याचं १.० रूप २००३ चं. टेलिफोनच्या बाजूला जी.७२९ या ८ किलोबिटच्या कोडेकचा दबदबा होता. ॲस्टेरिस्क हे टेलिफोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर फुकट मिळायचं, पण त्यात जी.७२९ हवा असेल तर एकाच वेळी चालणाऱ्या प्रत्येक कॉलमागे १० डॉलर मोजावे लागत. आख्खं एक्स्चेंज फुकट आणि आवाजाला पैसे!

या सगळ्यात एक योगायोग आहे. जी.७२९ सारख्या कोडेकांच्या पोटात जे सेल्पच्याच घराण्यातलं एसेल्प तंत्र आहे ते कॅनडातल्या शेरब्रुक विद्यापीठात जन्मलं, आणि विद्यापीठाला त्याच्या रॉयल्टीतून चांगली कमाई झाली. व्हालँ यांची पीएचडी त्याच विद्यापीठाची. पेटंटच्या अंगणातच बिनपेटंटचं रोप उगवलं, असं म्हणायला हरकत नाही.

व्हॉर्बिस गुणवत्तेत एमपी-थ्रीपेक्षा सरस होता, तरी घराघरांत पोचला नाही. व्हिडिओ गेमवाल्यांनी तो उचलला, पुढे स्पॉटिफायने वापरला, पण लोकांच्या संग्रहात एमपी-थ्रीच राहिला. कारण फाइलच्या जगात सवय जिंकते. गाडीतला प्लेअर, स्वस्त चिनी एमपी-थ्री प्लेअर, मित्राने पेनड्राइव्हवर दिलेली हजार गाणी हे सगळं बदलल्याशिवाय नवा कोडेक शिरत नाही. जिवंत संभाषणाचं तसं नसतं. कॉलच्या दोन्ही टोकांना एकच अ‍ॅप असतं. एक अपडेट ढकलला की महिन्याभरात दोन्ही टोकं नव्या भाषेत बोलू लागतात, आणि वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. आधी म्हटलेलं बरोबर दार ते हेच.

स्काइपलाही हेच उमगलं होतं. २००९ मध्ये त्यांनी कून व्हॉस यांच्या हाताखाली तयार झालेला सिल्क हा बोलण्याचा कोडेक जाहीर केला आणि तो बिनरॉयल्टी देऊ केला. इकडे व्हालँ २००७ पासून सेल्ट नावाच्या कोडेकवर काम करत होते. तो गाण्याच्या घराण्यातला, पण उशीर अत्यंत कमी. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेत २०१० मध्ये इंटरनेटसाठीच्या कोडेकचं मानक ठरवायला कार्यगट नेमला गेला, तेव्हा विरोधही झाला. कोडेकची मानकं टेलिफोनवाल्यांची आयटीयू आणि मोबाइल कंपन्यांच्या संस्था ठरवतात, तुम्ही यात कशाला पडता, असा सूर होता. त्या सुरामागे पेटंट असलेल्यांचे हितसंबंध होते, हे सांगायला ज्योतिषी नको.

मग दोन्ही कोडेक एकमेकांशी लढवण्याऐवजी त्यांचं लग्न लावलं गेलं. सिल्क आणि सेल्ट दोघांनीही बिट भरण्याची एकच पद्धत स्वीकारली, त्यामुळे एकाच तुकड्यात दोघांचा माल बसू शकला. ८ किलोहर्ट्झच्या खालचा भाग सिल्क सांभाळतो, वरचा सेल्ट. फक्त बोलणं असेल आणि बिट कमी असतील तर एकटा सिल्क, आणि संगीत असेल तर एकटा सेल्ट. सप्टेंबर २०१२ मध्ये व्हालँ, व्हॉस आणि टिमथी टेरीबेरी यांच्या नावाने आरएफसी ६७१६ हे ओपसचं मानक प्रसिद्ध झालं. ३२६ पानांचा हा दस्तऐवज. त्यात वर्णनापेक्षा सी भाषेतला प्रोग्राम प्रमाण मानला आहे. शब्द आणि प्रोग्राम यांत तफावत आढळली तर प्रोग्राम खरा. वकिलांना हे विचित्र वाटेल, पण अभियंत्याला यापेक्षा सरळ काही नाही.

व्हॉइस मेसेजची ती फाइल आता उघडून पाहू. सुरुवातीला ‘ऑग’ या वेष्टनाची खूण, मग ‘ओपसहेड’ अशी आठ अक्षरं, आणि थोड्या माहितीनंतर एकामागोमाग एक पाकिटं. प्रत्येक पाकिटाचा पहिला बाइट म्हणजे आठ बिटांची सूचना. त्यातले पाच बिट ३२ पैकी एक रचना सांगतात: ० ते ११ म्हणजे फक्त सिल्क, १२ ते १५ म्हणजे दोघे मिळून, १६ ते ३१ म्हणजे फक्त सेल्ट. आवाजाचा पट्टा किती रुंद आणि तुकडा किती मिलिसेकंदांचा, हेही त्याच आकड्यात येतं. पुढचा एक बिट एकेरी की स्टिरिओ ते सांगतो, आणि शेवटचे दोन पाकिटात किती तुकडे आहेत ते. बस्स. पाकिटागणिक हे बदलू शकतं. म्हणजे मावशी बोलता बोलता मागे रेडिओवर गाणं लागलं तर पुढच्या वीस मिलिसेकंदांपासून कोडेक आपली तऱ्हा बदलू शकतो, आणि ऐकणाऱ्याच्या बाजूला आधीपासून काहीही ठरवून ठेवावं लागत नाही. बिटरेट १६ किलोबिट धरला तर मिनिटभराचा निरोप १२० किलोबाइटमध्ये मावतो. जी.७११ ला त्याच्या चौपट जागा लागली असती, आणि तरीही ‘स’ धड ऐकू आला नसता.

ओपसचा आवाका मोठा आहे. सेकंदाला ६ किलोबिटपासून ५१० किलोबिटपर्यंत, तुकडा २.५ मिलिसेकंदांपासून ६० पर्यंत, आणि २५५ चॅनेलपर्यंत. वाटेत पाकीट हरवलं तर पुढच्या पाकिटात मागच्या तुकड्याची हलकी प्रत घालून ठेवायची सोय सिल्कमध्ये आहे. घाटातून जाणाऱ्या एसटीत बसून कॉल करणाऱ्याला याचं मोल जास्त.

गुणवत्तेचा पुरावा म्हणाल, तर २०११ मध्ये ६४ किलोबिटवर आणि २०१४ मध्ये ९६ किलोबिटवर लोकांना डोळे बांधून ऐकवण्याच्या खुल्या चाचण्या झाल्या. कोणता नमुना कोणत्या कोडेकचा हे ऐकणाऱ्याला माहीत नव्हतं. दोन्हींत ओपस पहिला आला. दुसऱ्या चाचणीत अ‍ॅपलचा एएसी एन्कोडर त्याच्या मागे होता, आणि जास्त बिट घेऊन बसलेला एमपी-थ्री आणखी मागे.

पण इथे एक आक्षेप घेतलाच पाहिजे, आणि तो आपल्या संगीतापुरता जास्त महत्त्वाचा आहे. उशीर कमी ठेवण्यासाठी सेल्टमध्ये शेजारशेजारचे तुकडे एकमेकांवर फक्त अडीच मिलिसेकंद चढतात. त्यामुळे लांब, स्थिर स्वराची ऊर्जा नेमक्या कप्प्यात न राहता आजूबाजूला सांडते. टाळ्या, तबला, ढोलकी यांना हा कोडेक मानवतो, तंबोरा त्याची परीक्षा घेतो. जवारीदार तंबोऱ्यात एकाच तारेतून कितीतरी स्वरांश सरळ रेषेत उभे असतात, आणि गायकाचा षड्ज त्यांत मिसळतो. कमी बिटरेटला ते दाणेदार होतं. २०१३ च्या १.१ आवृत्तीपासून एन्कोडर असा स्वरमय भाग ओळखून त्याला जास्त बिट देतो, त्यामुळे बरीच सुधारणा झाली. तरी संग्रहासाठी ठेवायच्या मैफलीला, जिथे उशिराचा प्रश्नच नाही, तिथे ओपसचा आग्रह धरायचं कारण मला दिसत नाही. जागा असेल तर मूळ ध्वनी न गमावणाऱ्या फ्लॅकमध्येच ठेवावी.

मात्र ऑनलाइन गाणं शिकवणारे गुरुजी ‘तंबोरा गायब होतो’ म्हणून जी तक्रार करतात, तिचं खापर कोडेकवर फोडणं बरोबर नाही. मीटिंगच्या अ‍ॅपमध्ये कोडेकच्या आधी आवाज साफ करणारा टप्पा असतो. पंखा, एसी, रस्त्यावरची घरघर असा न बदलणारा आवाज शोधून तो पुसून टाकणं हे त्याचं काम. तंबोरा त्याच्या दृष्टीने पंख्याचाच भाऊ! सेटिंगमध्ये जाऊन हा टप्पा बंद केला की तोच कोडेक तोच तंबोरा नीट पोचवतो. पुण्यातला तबलजी आणि न्यू जर्सीतली गायिका यांना एकत्र ठेका धरता येत नाही, त्यालाही ओपस जबाबदार नाही. तो स्वतःचा उशीर ५ मिलिसेकंदांपर्यंत खाली आणू शकतो. तेवढ्या वेळात हवेतून आवाज पावणेदोन मीटर जातो, मैफलीत साथीदार साधारण तेवढ्याच अंतरावर बसतात. पण बारा हजारांहून जास्त किलोमीटरची केबल ओलांडायला प्रकाशालाच एका बाजूने साठ मिलिसेकंद लागतात.

आता पसाऱ्याकडे. गूगलने २०१० मध्ये सुमारे ६.८ कोटी डॉलरना ग्लोबल आयपी सोल्युशन्स ही कंपनी घेतली आणि तिच्या तंत्रातून ब्राउझरमधल्या कॉलची वेबआरटीसी ही व्यवस्था उभी केली. तिच्या व्हिडिओ कोडेकवरून वर्षानुवर्षं मारामारी झाली. शेवटी दोन्ही पक्षांचे कोडेक सक्तीचे करून वाद मिटवावा लागला. आवाजाच्या बाबतीत मात्र ओपस आणि जुना जी.७११ एवढेच सक्तीचे झाले. एकदा प्रत्येक ब्राउझरमध्ये ओपस असणं भाग पडल्यावर बाकीच्यांना तो वापरायला कारण शोधावं लागलं नाही.

ओपस जिथे शिरला नाही त्या जागा पाहिल्या तर चित्र पुरं होतं. मोबाइल कंपन्यांचा साधा कॉल: तिथे एएमआर, एएमआर-वाइडबँड आणि २०१४ नंतर ईव्हीएस. २०१६ मध्ये जिओ आली आणि आपल्याकडे फोनवरचा आवाज एकदम स्वच्छ झाल्यासारखा वाटला, त्याचं श्रेय ४-जीवरच्या कॉलमधल्या रुंद पट्ट्याच्या कोडेकला जातं, ओपसला नाही. ब्लूटूथचे इअरफोन: तिथे एसबीसी, एएसी, एपीटीएक्स, एलडीएसी आणि नवा एलसी-थ्री. आकाशवाणीचं डिजिटल प्रक्षेपण: तिथे एएसीचं घराणं. या सगळ्यांत समान गोष्ट म्हणजे कोडेक चिपमध्ये किंवा टॉवरमध्ये बसलेला असतो आणि मानक ठरवणाऱ्या टेबलाभोवती पेटंटवालेच बसलेले असतात. सॉफ्टवेअरमध्ये कुणाची परवानगी लागत नाही म्हणून ओपस पसरला. जिथे परवानगी लागते तिथे तो दाराशी उभा आहे. अ‍ॅपलनेही फाइल म्हणून त्याला आत घ्यायला बरीच वर्षं लावली.

आणि पुढे काय? अलीकडच्या वर्षांत न्यूरल नेटवर्कचे कोडेक आले. गूगलचा लायरा २०२१ मध्ये ३ किलोबिटवर बोलू लागला, तो खुला आहे. मायक्रोसॉफ्टने टीम्ससाठी सॅटिन आणला. मेटाने २०२४ मध्ये एमलो जाहीर केला. तो ६ किलोबिटवर ओपसच्या दुप्पट गुण मिळवतो असा कंपनीचा दावा आहे. त्या टोकाला ओपस खरोखरच अशक्त आहे, त्यामुळे दावा अविश्वसनीय नाही. मजा अशी की जगभर न्यूरल नेटवर्कचा गजर चालू असताना मेटाने एमलोसाठी आधार घेतला तो सेल्पचा, म्हणजे अटल आणि श्रोडर यांच्या १९८५ च्या कल्पनेचा. कारण व्हॉट्सअ‍ॅपवरचे कॉल दहा वर्षं जुन्या फोनांवरही चालावे लागतात, आणि तिथे न्यूरल नेटवर्क बॅटरी पिऊन टाकतं. पण एमलो आणि सॅटिन दोन्ही बंद दारातले. सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही टोकं एकाच कंपनीची असली की मुक्त मानकाची तिला गरज उरत नाही. ज्या दाराने ओपस आत आला त्याच दाराने तो बाहेरही काढला जाऊ शकतो. मला यात पेटंटपेक्षा मोठा धोका दिसतो.

ओपसवाले स्वस्थ बसलेले नाहीत. २०१२ मध्ये त्यांनी आवाज उलगडणारा डिकोडर जवळजवळ गोठवला आणि एन्कोडर सुधारत ठेवला, त्यामुळे जुना फोनही नव्या एन्कोडरचा आवाज वाजवतो. मार्च २०२४ च्या १.५ आवृत्तीत ड्रेड नावाची सोय आली. प्रत्येक पाकिटात मागच्या एक सेकंदापर्यंतच्या बोलण्याचा न्यूरल नेटवर्कने काढलेला गोषवारा जातो. मधली पाकिटं सलग हरवली तरी पलीकडचा फोन त्यावरून वाक्य पुन्हा उभं करतो. हा गोषवारा पाकिटाच्या भरावाच्या जागेत ठेवला आहे. जुना डिकोडर तो भाग वाचतच नाही, त्यामुळे काही बिघडत नाही. या विस्ताराचं मानक ठरवण्यासाठी आयईटीएफमध्ये स्वतंत्र कार्यगट आहे.

पेटंटचा विषय मात्र मिटलेला नाही. मानक ठरत असतानाच क्वालकॉम आणि हुआवे यांनी आपली पेटंट यात येतात असं कळवून ठेवलं होतं. ओपसच्या बाजूने वकिलांकडून तपासणी करून ती लागू होत नाहीत असं सांगितलं गेलं. ब्रॉडकॉम, मायक्रोसॉफ्ट आणि ओपसमागची झिफ फाउंडेशन यांनी स्वतःची पेटंट कायमची बिनरॉयल्टी दिली आहेत. पण तिऱ्हाइताच्या वतीने असं वचन कुणीच देऊ शकत नाही. २०२३ मध्ये व्हेक्टिस ही कंपनी ओपसवर हक्क सांगणाऱ्यांची पेटंट एकत्र करायला पुढे आली. तिचा रोख उपकरणं बनवणाऱ्यांवर आहे, सॉफ्टवेअरवर नाही. म्हणजे जिथे ओपस आधीच दाराशी अडलेला आहे, नेमका तिथेच आणखी एक पहारेकरी.

पेटंटची मुदत अर्जापासून वीस वर्षांची. मूळ ओपसचं स्वरूप सप्टेंबर २०१२ मध्ये जगजाहीर झालं, त्यामुळे त्यानंतर केलेला कुठलाही अर्ज त्या स्वरूपावर टिकणार नाही. २०३२ च्या आसपास, काही देशांतल्या वाढीव मुदती धरल्या तर थोडं पुढे, मूळ कोडेकपुरता हा हिशेब संपतो. एमपी-थ्रीचा असाच २०१७ मध्ये संपला, तेव्हा त्याची गरज बरीच कमी झाली होती. ड्रेड आणि त्याच्या भावंडांचं घड्याळ मात्र आत्ता कुठे सुरू झालंय.